तपकिरीच्या डबीतला गाणारा पक्षी

(यंदाच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या मांडवात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना भरल्या आहेत.)



दरवर्षी या व्याख्यानाला बाहेरून कुणी प्राध्यापक किंवा अधिकारी येतात. यंदा मंडळाने मला उभं केलं. मी काही वक्ता नाही. विट्याजवळच्या गावात दहावी झालो आणि चुलत्यांच्या मागोमाग करोल बागेत आलो. बीडनपुऱ्यातल्या गल्लीत भट्टीसमोर बसून उमर गेली. तेव्हा भाषेत काही वेडंवाकडं आलं तर सांभाळून घ्या.

विषय ऐकून काही जण हसले, ते मला कळलं आहे. ‘गाणारा पक्षी’ म्हणजे काय, पोपट पाळलाय की काय? तर सुरुवात आपल्या मांडवापासूनच करतो. हा आपला मूषक मान हलवतोय. पोरांनी त्याच्या आत गाडीच्या वायपरची मोटर बसवली आहे. मोटर नुसती गोल फिरते. मग मान वर-खाली कशी होते? पोरांनी चाकाच्या मधोमध सळई न लावता कडेला लावली. चाक गोल फिरतं, सळई मागे-पुढे जाते, मान हलते. पुण्याला हलते देखावे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे नवीन नाही. आज ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे तिचं मूळ एवढंच आहे. फरक असा, की तिथे मोटर नाही, वीज नाही, आणि मूषकाऐवजी अंगठ्याच्या पेराएवढा एक पक्षी आहे, तो चोच उघडून खरोखर गातो.

माझी आणि त्या पक्ष्याची गाठ १९९४ साली पडली. दिवाळीच्या आधीचे दिवस होते, कामाची गर्दी होती. एका व्यापाऱ्याने जुनी मोड आणली. तुटके पैंजण, ताटल्या, अत्तरदाणी, आणि त्यात एक काळी पडलेली डबी. चार बोटं लांब, अडीच बोटं रुंद. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ती कसोटीवर घासली आणि म्हणाले, “चांदी हाय, वर सोन्याचं पाणी. वजनाला जड लागतीया म्हंजे आत काय तरी यंत्र असणार. ते काढ आन् चांदी मुशीत टाक.”

डबीच्या झाकणात मधोमध अंड्याच्या आकाराचं एक छोटं झाकण होतं. त्यावर मीनाकारी केलेली, तळं आणि झाडं असं काहीतरी चित्र. मी ते उचकटलं. आत एक पक्षी आडवा निजलेला. हिरवी-निळी पिसं, खरी पिसं. मी तात्यांना दाखवला. ते म्हणाले, “खेळणं हाय. टाक तिकडं.” तळाचे स्क्रू गंजलेले, म्हणून मी पकडीने यंत्र ओढून काढलं. मीना म्हणजे काच, ती मुशीत गेली तर घाण होते, म्हणून हातोडीने फोडून काढली. हे सगळं मी केलं. तात्यांनी सांगितलं असलं तरी हात माझा होता.

चांदी भरली १८० ग्रॅम. तेजाबात टाकल्यावर तळाशी सोनं राहिलं ते दोन-तीन गुंजा. त्या वेळच्या भावाने सगळे मिळून बारा-तेराशे रुपये व्यापाऱ्याचे झाले, आमच्या हातात मजुरी पडली. पक्षी मी घरी नेऊन पोरीला खेळायला दिला. यंत्र पितळेचं, त्याचा भंगारात भाव येईल म्हणून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. तो डबा भट्टीमागच्या फळीवर नऊ वर्षं पडून होता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सरदारजी घड्याळं दुरुस्त करत. त्यांचं घराणं फाळणीत रावळपिंडीहून आलेलं. आपण दुष्काळाने आलो, ते फाळणीने आले, बंगाली कारागीर पोटासाठी आले. करोल बाग अशाच माणसांनी भरली आहे. २००३ साली भट्टीची जागा बदलताना तो डबा खाली पडला आणि यंत्र बाहेर आलं. मी ते सरदारजींकडे नेलं, म्हटलं, यातलं काही चाक तुमच्या कामाचं असेल तर घ्या. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ बोलेनात. मग म्हणाले, “ओए, ये तो गाने वाली चिड़िया है. इसका घर कहाँ है?”

घर मुशीत गेलं, हे त्यांना सांगताना मला जे वाटलं ते इथे सांगत बसत नाही.

आता ही चिड़िया म्हणजे काय, ते सांगतो. आपण सगळे हाताने काम करणारे आहोत, म्हणून थोडं खोलात जातो.

डबीच्या बाजूला एक छोटी कळ असते. ती सरकवली की अंडाकृती झाकण फटकन उघडतं, पक्षी उभा राहतो, डावी-उजवीकडे वळतो, पंख आणि शेपटी हलवतो, चोच उघड-मीट करतो आणि गातो. साधारण वीसेक सेकंद. गाणं संपलं की तो एकदम आडवा पडतो आणि झाकण मिटतं. सगळी ताकद एका गुंडाळलेल्या स्प्रिंगची, घड्याळात असते तशीच. चावी तळाशी.

आवाज कुठून येतो? भात्यातून. आपल्या जुन्या भट्टीला जसा कातड्याचा भाता असायचा, तसाच, पण काड्यापेटीत मावेल एवढा. त्याला दोन कप्पे. एक सारखा वारा भरत असतो, दुसरा तो साठवून एकसारख्या दाबाने सोडतो. आजोबा भाता ओढताना म्हणायचे, धाप लागल्यासारखा ओढू नको, निखारा फडफडतो. इथेही तेच. वारा फडफडला तर सूर फडफडतो. स्प्रिंग भसकन सुटू नये म्हणून एका टोकाला पंखा असतो, तो गरगर फिरून वेग ताब्यात ठेवतो. यंत्र चालताना कान लावला तर त्या पंख्याची भिरभिर ऐकू येते.

आणि खरी करामत शिट्टीत आहे. जत्रेत दांडी मागे-पुढे ओढायची शिट्टी मिळते, ती आठवा. दांडी आत ढकलली की सूर चढतो, बाहेर ओढली की उतरतो. या पक्ष्याच्या पोटाखाली तशीच एक शिट्टी, आडव्या नळीत सरकणारा दट्ट्या. तो दट्ट्या किती सरकवायचा हे ठरवतात एकावर एक बसवलेल्या पितळी चकत्या, इंग्रजीत त्यांना कॅम म्हणतात. चकतीची कड कुठे उंच, कुठे खोल, कुठे करवतीसारखी दातेरी. त्या कडेवर एक काटा घासत जातो. कड उंचावली की दट्ट्या आत, खोल गेली की बाहेर. दुसरी चकती वाऱ्याचं तोंड उघडते-मिटते, त्यामुळे सूर तुटक किंवा सलग येतो. बाकीच्या चकत्या चोच, पंख, शेपटी यांच्या. सगळ्या चकत्यांचा एक फेरा झाला की एक गाणं झालं. म्हणजे त्या पक्ष्याचं गाणं पितळेच्या कडेवर कानसून लिहिलेलं असतं. कानस केसभर जास्त चालली तर सूर बिघडला, आणि घासलेलं पितळ परत येत नाही.

हे कुणी काढलं? स्वित्झर्लंडमध्ये ला शो-द-फों नावाचं गाव आहे. तिथला पिएर जाके-द्रो, जन्म १७२१, मृत्यू १७९०. मुलगा आंरी-लुई आणि साथीदार लेशो. या तिघांनी १७७४ मध्ये तीन यांत्रिक बाहुल्या लोकांसमोर आणल्या. एक लिहिणारा मुलगा, एक चित्र काढणारा, एक वाद्य वाजवणारी बाई. लिहिणाऱ्या मुलाच्या पोटात सुमारे ६,००० भाग आहेत. नशातेलच्या संग्रहालयात त्या तिन्ही आहेत आणि अडीचशे वर्षांनीही चालतात.

त्यांच्या आधीही यांत्रिक पक्षी होते. पण त्यांच्या पोटात बाजाच्या पेटीसारख्या अनेक नळ्या असायच्या, प्रत्येक सुराला एक. त्यामुळे यंत्र मोठं व्हायचं, ते पिंजऱ्याच्या किंवा घड्याळाच्या बैठकीत लपवायला लागायचं. आणि दुसरी अडचण आपल्या भजनी मंडळातल्यांना लगेच कळेल. पेटीवर मींड येत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. पक्षी तर सगळं मींडेतच गातो. १७८० च्या दशकात या मंडळींनी नळ्यांच्या रांगेऐवजी एकच सरकत्या दट्ट्याची शिट्टी बसवली. दोन्ही अडचणी एका फटक्यात गेल्या. सूर घसरायला लागला, आणि यंत्र एवढं लहान झालं की तपकिरीच्या डबीत मावलं. त्या काळी तिकडच्या उमरावांना तपकिरीचा षौक होता, डब्या सोन्याच्या असत. म्हणून पक्षी डबीत शिरला.

एक गंमत सांगतो. त्याच काळात फ्रान्समध्ये श्रीमंत घरांत कॅनरी पक्षी पाळत आणि त्यांना माणसांची गाणी शिकवत. शिकवायला एक छोटी पेटी, हाताने दांडा फिरवायचा, तीच धून पुन्हा पुन्हा वाजायची. म्हणजे आधी यंत्राने पक्ष्याला माणसाचं गाणं शिकवलं, आणि मग माणसाने यंत्राला पक्ष्याचं.

जाके-द्रो यांच्यानंतर हा धंदा जिनिव्हाकडे वाढला. रोशा बंधू, त्यांचा ‘एफ आर’ असा ठसा. मग ब्रुगिए. पुढे पॅरिसमध्ये १८४९ पासून बोंतॅं घराणं. जर्मनीच्या काळ्या अरण्यात ट्रिबेर्ग गावी १९०५ पासून ग्रीसबाउम, ते दुकान १९८८ पर्यंत चाललं. स्वित्झर्लंडमध्येच सेंत-क्रोआ गावी १८६५ साली सुरू झालेली रूज कंपनी, तिने १९६० मध्ये बोंतॅंचा धंदा घेतला. नावं मुद्दाम सांगतो आहे, कारण ही नावं ठशांत सापडतात.

या लोकांबद्दल वाचताना मला एका गोष्टीचं सारखं आश्चर्य वाटायचं. रोशा मंडळी ज्या जू खोऱ्यातून आली तो डोंगराळ भाग. हिवाळ्यात बर्फ पडलं की शेती बंद, महिनोन् महिने घराबाहेर पडता येत नाही. शेतकरी खिडकीशी बसून घड्याळाचे भाग घासायला शिकला. आपल्या खानापूर-आटपाडीला बर्फ नव्हतं, पाऊस नव्हता. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते इथे पुढे बसले आहेत. माळावर काही पिकेना म्हणून आपला माणूस मूस घेऊन काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गेला. त्यांना घरात कोंडलं म्हणून ते बारीक कामात शिरले, आपल्याला घराबाहेर काढलं म्हणून आपण आगीच्या कामात शिरलो. दोघांच्याही हातात सोनंच आलं. त्यांनी त्यात पक्षी बसवला. आपण काय करतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. आटवणारा नसेल तर घडवणाऱ्याला शुद्ध सोनं कुठून मिळणार? पण आपल्या कसोटीला टंच कळतो, तराजूला वजन कळतं. त्यापलीकडचं काही तिथे उमटत नाही. २०११ साली रोशा बंधूंची समजली जाणारी दोन पिस्तुलांची जोडी हाँगकाँगच्या लिलावात सुमारे ५८ लाख डॉलरना गेली. सोन्या-मीन्याची पिस्तुलं, साधारण १८२० सालची. घोडा ओढला की नळीच्या तोंडातून गोळीऐवजी पक्षी बाहेर येतो आणि गातो! आपल्यापैकी कुणाच्या टेबलावर ती आली असती तर आपण मीना फोडून किती ग्रॅम भरली असती, याचा हिशोब मी एका रात्री मांडला होता. मांडायला नको होता.

आपल्याकडे असं काही नव्हतं का, असं कुणी विचारेल. होतं. धारच्या भोज राजाचा अकराव्या शतकातला ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथ आहे, त्यात एक अख्खा अध्याय यंत्रांवर आहे. लाकडी पक्षी, यंत्राची माणसं, दारावरचे यांत्रिक पहारेकरी. हा ग्रंथ छापला गेला तो बडोद्याला, सयाजीराव महाराजांनी सुरू केलेल्या ग्रंथमालेत, १९२४-२५ मध्ये. म्हणजे धारचा राजा आणि बडोद्याचा मराठी महाराज. पण भोज त्यात स्पष्टच सांगतो, की यंत्रं कशी करायची हे पुरतं लिहिलेलं नाही, ते माहीत नाही म्हणून नव्हे तर गुप्त राहावं म्हणून. हे वाचून मला तात्यांची आठवण झाली. तेजाबाचं प्रमाण ते मला चार वर्षं सांगत नव्हते.

टिपू सुलतानाचा वाघही याच जातीचा. लाकडी वाघ, खाली पडलेला गोरा शिपाई, पोटात भाता आणि नळ्या. दांडा फिरवला की वाघ गुरगुरतो आणि शिपाई कण्हतो. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो लंडनला नेला, तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आणि हैदराबादला सालारजंग संग्रहालयातलं घड्याळ तर आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलं असेल. कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी कंपनीचं. तास भरत आला की शेकडो माणसं त्याच्यासमोर उभी राहतात, छोटा माणूस दार उघडून येतो, टोले देतो, परत जातो. मी गेलो तेव्हा माझ्या शेजारी एक आजीबाई होत्या, त्यांनी त्या बाहुल्याला हात जोडले.

असो. माझ्या डब्याकडे येतो.

सरदारजी म्हणाले, यंत्र बरंचसं शाबूत आहे, स्प्रिंग तुटलेली नाही, दोन दाते वाकलेत, पण भाता फाटलाय. भाता मीच पकडीने फाडला होता. रविवारी आम्ही दोघे बसायचो. पहिल्यांदा प्लॅस्टिकची पिशवी लावून पाहिली. कडक पडते, घडी धरत नाही. मग फुग्याचं रबर. चार दिवस चाललं आणि चिकटून बसलं. सरदारजी म्हणाले, असली वस्तू आतड्याच्या झिल्लीची असते, कागदाहून पातळ, आणि वारा जात नाही. ती कुठे मिळणार? तर मला आठवलं, वर्ख कुटणारे सोन्या-चांदीचा पत्रा असल्याच झिल्लीत घालून कुटतात. जुन्या दिल्लीत एका वर्खवाल्याकडे गेलो. बाप्पाच्या मांडवात ही गोष्ट सांगावी की नको, असं माझ्या मनात आलं होतं. पण जे झालं ते झालं. (२०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाण्याच्या वर्खाला प्राणिज वस्तू वापरायला मनाई केली, त्याआधीची ही गोष्ट.) त्याने वापरून टाकलेल्या वहीतली दोन पानं फुकट दिली. म्हणजे सोनं कुटून कुटून पातळ झालेली ती झिल्ली, सोनं आटवणाऱ्याने आणली आणि घड्याळवाल्याने पक्ष्याच्या फुफ्फुसाला लावली.

भाता बसवायला तीन महिने गेले. सरदारजींचे हात कापायला लागले होते, म्हणून चिकटवायचं काम मी करायचो आणि ते भिंगातून बघून शिव्या द्यायचे. पक्षी पोरीकडून परत आणला. तिने तो कंपासपेटीत जपून ठेवला होता. कसर लागून निम्मी पिसं गेली होती. जुन्या पक्ष्यांना अमेरिकेतल्या हमिंगबर्डची पिसं लावत, असं मी पुढे वाचलं. याची कोणती होती, आता सांगता येत नाही.

२००४ च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी चावी दिली. पंखा भिरभिरला. वारा भरल्याचा आवाज आला. आणि मग तो गायला. एक सूर मधेच बसतो, तिथे नुसता वारा येतो, कारण शिट्टीच्या तोंडावर माझ्या पकडीचा ओरखडा आहे. बाकी सगळं येतं. चोच उघडते, शेपटी हलते, एक पंख हलत नाही. अठरा सेकंद. बीडनपुऱ्यात दिवसभर ठोकाठोकी चालते, तरी शेजारच्या दुकानातले बंगाली कारागीर हातातलं काम टाकून आले. सरदारजींनी पगडीला हात लावला आणि म्हणाले, “एक बार और.”

तो कुठला, कुणी केला, केव्हाचा, हे मला कुणी विचारलं की उत्तर नाही. यंत्रावर नुसता एक आकडा आहे. ठसा डबीवर होता. दोन ठसे होते, एवढं आठवतं, एक झाकणाच्या आत, एक तळाला. मी ते नीट पाहिले नाहीत. आज आपल्याकडे दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा हॉलमार्क नंबर आला, तर आपण किती कुरकुर केली! त्या डबीवर कारागिराने आपलं नाव दोनदा ठोकलं होतं आणि मी त्याची लगड पाडली.

तात्यांना मी तो ऐकवला. तेव्हा ते गावी असत, डोळ्यांनी कमी दिसायचं. मी डबा त्यांच्या कानाशी धरला. ऐकून म्हणाले, “आरं, ह्यो बुलबुल हाय.” मी म्हटलं, तात्या, हा तोच, दिवाळीच्या मोडीतला. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “चांदी किती भरली हुती?” मी सांगितलं. “मंग बराबर हाय,” म्हणाले, आणि पुन्हा चावी द्यायला सांगितलं. त्या दिवशी त्यांनी तो पाच वेळा ऐकला.

ही विद्या मेलेली नाही. सेंत-क्रोआला फ्रांस्वा ज्युनो नावाचे कारागीर या काळातही नव्या यांत्रिक बाहुल्या घडवणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. जाके-द्रो नावाने घड्याळं करणाऱ्या कंपनीने मनगटी घड्याळात गाणारा पक्षी बसवला, त्याला २०१५ मध्ये जिनिव्हाचं मोठं पारितोषिक मिळालं. आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या घड्याळकामाला आणि त्याबरोबर या यांत्रिक कलेला मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. अमूर्त म्हणजे वस्तू नव्हे, हातातली विद्या. आपल्या गलाईला कुणी यादीत घालील असं वाटत नाही, पण आपली पोरं आता मशीनने टंच काढतात, कसोटीवरचा कस डोळ्याने ओळखणारे इथे किती राहिले, हे मोजायला फार बोटं लागणार नाहीत.

सरदारजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं भिंग त्यांच्या मुलाने मला दिलं. त्यानंतर माझ्याकडे मोडीत अशा दोन वस्तू आल्या. एक नुसती संगीताची पेटी, पोलादी कंगव्याची. ती मालकाला परत दिली आणि काय आहे ते सांगितलं. त्याने ती दुसऱ्या दुकानात नेऊन मोडलीच. दुसरी पक्ष्याची डबी, पितळेवर मुलामा, चालू. त्या माणसाला मी मोड घेत नाही म्हटलं. तो रागावला, भाव पाडतोय असं त्याला वाटलं. मग मी कळ सरकवली. त्याने आयुष्यात पहिल्यांदा तो पक्षी ऐकला. डबी त्याच्या आजीच्या कपाटात होती आणि तिची चावी हरवली म्हणून कुणी उघडलीच नव्हती. चावी सरदारजींच्या डब्यात सापडली, बसली. तो माणूस डबी घेऊन घरी गेला. त्या दिवशी माझी मजुरी बुडाली, ते मी घरी सांगितलं नाही. आज इथे सांगितलं, आता कळेल.

माझ्या हातून गेलेली डबी परत येणार नाही. पण अशा वस्तू दिल्लीच्या जुन्या कोठ्यांत अजून असणार, आणि त्या मोडीला निघाल्या की बँक स्ट्रीटवर किंवा आपल्याच गल्ल्यांत येणार. तुमच्यापैकी कुणाच्या टेबलावर आली तर मुशीत टाकण्याआधी मला एक फोन करा. रात्री-अपरात्री केलात तरी चालेल. मी विकत घेणार नाही, माझी ऐपत नाही. नुसता ठसा बघून सांगेन, आणि यंत्र कसं काढू नये तेही सांगेन.

आरतीला अजून पंधरा मिनिटं आहेत, अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. माझा बिस्किटाचा डबा मी बरोबर आणला आहे, त्या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवतो. पोरांनो, एकेकाने या. चावी दोन फेऱ्यांपेक्षा जास्त द्यायची नाही. गाणं चालू असताना पक्ष्याला बोट लावायचं नाही, हाताने खाली दाबायचं नाही. तो आपला आपण निजतो. आणि स्पीकरवाल्या दादांनी तेवढा वेळ स्पीकर बंद ठेवावा, अशी विनंती आहे. आवाज फार लहान आहे त्याचा.